बीजीएमआयमध्ये चौघांनी मिळून कसं खेळायचं: खान्देशातल्या स्क्वॉडसाठी मार्गदर्शक

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, या फोनवरच्या बंदुकांच्या गेममध्ये जळगाव-भुसावळकडच्या बऱ्याच टीम एकाच पद्धतीने हरतात. चौघांचा नेम बरा असतो, बॅगा भरलेल्या असतात आणि आठव्या-दहाव्या मिनिटाला एक जण कुणाला न सांगता समोरच्या घरात शिरून नॉक होतो, म्हणजे गोळ्या खाऊन जमिनीवर पडतो. त्याला उचलायला दुसरा धावतो, तोही पडतो. तिसरा ‘कुठून मारतोय, कुठून मारतोय’ करत असतो आणि चौथा तीनशे मीटर लांब अजून थ्री-एक्स स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) शोधत असतो. समोरच्या टीमने त्यांना हरवलेलं नसतं, तर चार वेळा एकेकट्याला गाठून मारलेलं असतं.

त्यामुळे इथे बंदुकांच्या कौतुकाला जागा कमी आहे. चौघांमधलं अंतर, एकमेकांना दिलेली माहिती आणि नॉक झाल्यावरचा क्रम, या तीन गोष्टी जमल्या की साधा नेम असलेली टीमही बऱ्याचदा शेवटच्या झोनपर्यंत, म्हणजे आक्रसत जाणाऱ्या सुरक्षित गोलापर्यंत, जाते.

आधी गेमबद्दल थोडं. बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये स्टोअरमधून निघाला आणि मे २०२३ मध्ये परतला. परतताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६ तास अशी मर्यादा जाहीर झाली होती. एरँगल या नकाशावरचा एक पूर्ण सामना साधारण अर्ध्या तासाचा, म्हणजे ३ तासांत पाच-सहाच सामने होतात. ते सगळे रँक वाढवण्यात घालवू नका, एखादा फक्त सरावासाठी ठेवा. गेम प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एपीके आणि ‘फुकट यूसी’च्या (यूसी म्हणजे गेममधलं चलन) लिंकांमुळे अकाउंट जातं, आणि ते परत मिळवणं फार किचकट.

फोन, ऊन आणि कूलर

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा फोनची परीक्षा असते. फोन तापला की तो स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. स्क्रीनचा उजेड आपोआप उतरतो आणि फ्रेम तुटायला लागतात. पहिली दहा मिनिटं सगळं छान चालतं, नेमकं फाइटच्या वेळी अडकतं, आणि सगळे नेटला शिव्या देतात. दोन्हींतला फरक ओळखायला सोपा आहे. पिंग (नेटचा उशीर दाखवणारा आकडा) हिरवं असूनही चित्र अडकत असेल तर दोष उष्णतेचा. चित्र सलग चालतंय, पण शत्रू टुणकन जागा बदलतोय आणि तुमच्या गोळ्या लागत नाहीत, तर दोष नेटचा.

उष्णतेसाठी करायचं ते असं. कव्हर काढा. चार्जिंगला लावून खेळू नका. फोनमध्ये बायपास चार्जिंगची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे वीज बॅटरीत न जाता थेट फोनला मिळते. ग्राफिक्स ‘स्मूद’वर ठेवा आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) फोनला शेवटपर्यंत पेलेल एवढाच घ्या. सुरुवातीला ९० मिळून नंतर ४० वर घसरण्यापेक्षा पूर्ण सामनाभर ६० मिळालेले केव्हाही चांगले, कारण बोटांना एका वेगाची सवय होते आणि वेग बदलला की स्प्रे (सलग गोळीबार) बिघडतो.

कूलरच्या अगदी तोंडासमोर बसू नका. त्याची हवा ओली असते, स्क्रीनवर दमट थर बसतो आणि अंगठा एकीकडे, बंदूक दुसरीकडे असं होतं. बाजूला बसा किंवा साधा टेबल फॅन घ्या. फोन फ्रिजमध्ये ठेवून गार करण्याचा उद्योग अजिबात नको. बाहेर काढल्याबरोबर गरम हवेने आत पाणी धरतं. घामासाठी अंगठ्याला फिंगर स्लीव्ह लावा, स्वस्तात मिळतात. आणि कूलर घरघरत असेल तर माइक बोलण्यापुरताच चालू करा. तुमच्या कूलरच्या आवाजात बाकी तिघांना शत्रूची पावलं ऐकू येत नाहीत.

इअरफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, आणि पावलांच्या बाबतीत तेवढा उशीर महागात पडतो. डावा-उजवा कानही तपासा. उलटे घातलेत तर शत्रू कायम चुकीच्या दाराने येईल.

चौघं एकाच ओट्यावर किंवा खोलीत बसला असाल तर गेममधला टीमचा आवाज बंद करून तोंडीच बोला, नाहीतर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. एका फोनच्या हॉटस्पॉटवर चौघं खेळणं टाळा. वायफाय असेल तर राउटरच्या ५ गीगाहर्ट्‌झवर जोडा आणि प्ले स्टोअरचे आपोआप होणारे अपडेट थांबवा. वीज जाते त्या भागात राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, पण घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून तेवढ्याच क्षमतेचा घ्या.

कोण काय करणार

कप्तान एकच. कुठे उतरायचं, कधी निघायचं, कुणावर पुश करायचा (चाल करून जायचं) हे तोच सांगणार. त्याचा निर्णय चुकला तरी चौघांनी मिळून केलेली चूक चार वेगळ्या बरोबर निर्णयांपेक्षा परवडते. वाद सामना संपल्यावर घाला. कप्तान नॉक झाला तर पुढे कोण बोलणार हेही लॉबीतच, सामना सुरू होण्याआधी, ठरवा. हे न ठरवल्यामुळे ऐन वेळी दोघं एकदम बोलतात आणि दोघांचंही कळत नाही.

बाकी तिघांत एक पुढे शिरणारा, एक त्याच्या मागोमाग राहून स्मोक (धुराचे बॉम्ब) आणि औषधं सांभाळणारा आणि एक लांबून पाहणारा. लांबून पाहणाऱ्याचं मुख्य काम किल करणं नाही, पाहणं आहे. हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण स्नायपर हातात आली की प्रत्येकाला डोकंच उडवायचं असतं.

बंदुकांचं थोडक्यात: जवळपास सगळ्या फाइट एम४१६ सांभाळून घेते. तिला मझल (नळीच्या तोंडाचा भाग), ग्रिप, मॅगझिन, स्टॉक आणि स्कोप असे पाचही भाग लागतात. एकेएमचा मार जास्त, पण तिला ग्रिप आणि स्टॉक लागत नाही, त्यामुळे लांबून स्प्रे करताना ती हातात राहत नाही. चौघांनीही ५.५६ मिमी गोळीच्याच बंदुका घेतल्या तर गोळ्यांची ओढाताण होते, म्हणून कमी लूटच्या जागी दोघांनी ७.६२ ची घ्यावी. जॅकेट आणि हेल्मेट लेव्हल एक, दोन, तीन अनुक्रमे ३०, ४० आणि ५५ टक्के मार अडवतात. दोनवरून तीनवरची उडी मोठी आहे, त्यामुळे लेव्हल तीनचं हेल्मेट सगळ्यात आधी पुढे शिरणाऱ्याला द्या, ज्याला सापडलं त्याला नव्हे.

उडी आणि लूट

विमानाची रेषा दिसली की कप्तानाने मार्कर लावावा आणि बाकीच्यांनी ‘फॉलो’ दाबावं. सरळ खाली झेपावलात तर वेग ताशी २३४ किलोमीटरपर्यंत जातो, म्हणून मार्कर साधारण ७५० मीटरवर आला की उडी घ्या. त्याहून बरंच लांब जायचं असेल तर उतरायला उशीर होणार हे धरून चाला, म्हणजे त्या ठिकाणी आधी कुणीतरी बंदूक घेऊन उभा असेल. जमिनीच्या थोडं आधी फॉलो सोडा आणि प्रत्येकाने आपलं वेगळं घर धरा, पण शेजारचंच. चौघं एकाच गच्चीवर उतरले तर एकालाच बंदूक मिळते.

एरँगलमधली पोचिंकी आणि स्कूल ही भांडायला शिकण्याची ठिकाणं. मिलिटरी बेसला लूट भरपूर, पण ते बेट आहे आणि मुख्य जमिनीला दोन पूल. झोन उत्तरेला गेला आणि तुम्ही उशीर केला, तर पुलावर कुणीतरी गाडी आडवी लावून बसलेलं असतं. तिथे उतरलात तर पहिला पांढरा गोल दिसताक्षणी निघायचं की नाही ते ठरवा, किंवा बोट शोधून ठेवा.

लूटला पाच-सहा मिनिटं पुरेत. एकाकडे एवढं असलं की झालं: मुख्य बंदुकीच्या १६० ते २०० गोळ्या, ३ ते ४ स्मोक, २ फ्रॅग (हातबॉम्ब), ४ फर्स्ट एड, ५ एनर्जी ड्रिंक, २ पेनकिलर. बऱ्याच जणांच्या बॅगेत ४०० गोळ्या आणि स्मोक शून्य असतात. त्या चारशेपैकी अडीचशे मेल्यावर मागे राहणाऱ्या पेटीतच सापडतात.

औषधांचा क्रमही पाठ असू द्या. बँडेज १० ने वाढवतं, फर्स्ट एड किट ७५ पर्यंतच नेतं, पूर्ण १०० फक्त मेडकिटने होतात. वरचे पंचवीस ड्रिंक आणि पेनकिलरने हळूहळू भरतात, शिवाय धावण्याचा वेग थोडा वाढतो. म्हणून फर्स्ट एड घेतल्यावर लगेच एक ड्रिंक प्या आणि मेडकिट शेवटच्या झोनसाठी राखून ठेवा.

कॉल कसा द्यायचा

आपल्याकडचा सगळ्यात आवडता कॉल म्हणजे ‘तठे शे भो, तठे! झाडामागे!’ (तिथे आहे भाऊ, तिथे!) एरँगलमध्ये झाडं किती आहेत ते सांगायला नको. असा कॉल ऐकून तिघं तीन दिशांना पाहतात, आणि ते तीन सेकंद शत्रूला फुकट मिळतात.

कॉलमध्ये चार गोष्टी याच क्रमाने हव्यात: दिशा, अंतर, खूण, संख्या. ‘दोन-चार-शून्य, दीडशे मीटर, लाल छताचं घर, दोघं.’ बस. दिशेसाठी वरची होकायंत्राची पट्टी वाचा, तिच्यावर १५-१५ अंशांच्या खुणा असतात. आकडा एकेक अंक करून बोला. मराठीत ‘पंचेचाळीस’ आणि ‘पंचाहत्तर’ खराब आवाजात सारखेच ऐकू येतात आणि त्यांच्यात ३० अंशांचा फरक आहे. ‘एकशे पासष्ट’ आणि ‘एकशे पंच्याण्णव’चीही तीच गत. ‘चार-पाच’ आणि ‘सात-पाच’ म्हणा, चूक होत नाही.

एक अडचण लक्षात ठेवा. तुम्हाला २४० वर दिसणारा माणूस, तुमच्यापासून शंभर मीटर बाजूला असलेल्या साथीदाराला २४० वर दिसेलच असं नाही. शत्रू लांब असेल तर फरक कमी पडतो, जवळ असेल तर खूप. म्हणून चौघं एकत्र असाल तर आकडा बोला. पांगलेले असाल तर मार्कर लावा आणि खूण सांगा. नकाशावर मोठा चौकोन एक किलोमीटरचा आहे, त्यावरून अंतराचा अंदाज येतो.

काय बोलायचं नाही, तेही ठरवा. ‘अरे यार’, ‘कसा मारला बघ’, ‘माझं लॅग झालं’ हे फाइट चालू असताना नको. नॉक झालेल्याने तर खास जपावं. आपण पडलो की सगळा राग माइकवर निघतो, पण त्या क्षणी टीममधली सगळ्यात उपयोगी माहिती त्याच्याचकडे असते: कुणी मारलं, कुठून, त्याला आपण किती लावलं. ‘एक-पाच-शून्य, दगडामागे, एक जण, अर्धा झालाय’ एवढं बोलून त्याने माइक मोकळा करावा.

अहिराणीत बोललात तर छानच, वेगही मिळतो, आणि शिरपूरचा, पारोळ्याचा आणि पुण्याला शिकायला गेलेला असे तिघं असतील तरी सगळ्यांना कळतं. रँडम साथीदार आला तर मात्र हिंदीत आणि कमीत कमी शब्दांत बोला. तो माइकच लावत नसेल तर त्याच्यावर विसंबून पुश करू नका, मार्कर लावून सोबत नेता येतं तेवढं न्या.

हालचाल: दोन आणि दोन

चौघांच्या दोन जोड्या करा. जोडीतल्या दोघांत वीस-तीस मीटर, दोन जोड्यांत पन्नास-साठ मीटर. एवढ्या अंतरात एका फ्रॅगने दोघं मरत नाहीत, पण एक पडला तर दुसरा वेळेत पोचतो. उघड्यावरून जाताना एक जोडी धावते, दुसरी आडोशाला थांबून पाहते, मग अदलाबदल. चौघं एकदम धावले तर पाहणारा कुणीच उरत नाही.

गाड्याही दोन घ्या. एका युएझेडमध्ये (जीपमध्ये) चौघं बसले की एका चांगल्या स्प्रेने पूर्ण टीम जाते. गाडी थांबवताना ती शत्रूच्या दिशेला आडवी लावा आणि पलीकडच्या बाजूने उतरा. चाकामागे लपा, पण धूर निघायला लागला की तिथून पळा, स्फोट जवळच्यांना घेऊन जातो.

टीपीपीमध्ये, म्हणजे आपला खेळाडू मागून दिसतो त्या प्रकारात, कॅमेरा खांद्यामागे असतो. भिंतीमागे उभं राहून, स्वतः न दिसता पलीकडचं पाहता येतं. कमी गोळ्या आणि जास्त माहिती हवी असेल तर डोकं बाहेर काढण्याआधी नेहमी हे करा. आणि समोरचाही हेच करतोय हे धरून चाला.

सायलेन्सर नसलेल्या बंदुकीचा आवाज लांबपर्यंत छोट्या नकाशावर खूण उमटवतो. दोन टीम भांडत असतील तर त्या खुणा तुमच्या कामाच्या. तुम्ही भांडत असाल तर तिसरी टीम त्याच खुणा पाहत येतेय. म्हणून फाइट एका मिनिटाच्या पुढे लांबली तर एकाने पाठमोरं उभं राहून मागची बाजू पाहायलाच हवी. हे कंटाळवाणं काम लांबून पाहणाऱ्याचं.

नॉक पडल्यावर

शत्रूचा एक जण नॉक केलात तर तुमच्याकडे साधारण दहा सेकंद आहेत. पडलेल्याला उचलायला (रिव्हाइव्ह) तेवढाच वेळ लागतो आणि तोवर चार विरुद्ध तीन आहे, त्यातही एक जण उचलायला वाकलेला असेल तर चार विरुद्ध दोन. याच वेळात पुश करायचा. बहुतेक टीम हा वेळ पडलेल्याला फिनिश करण्यात घालवतात आणि मॅगझिन रिकामं असताना समोरचा बाहेर येतो. पुढे सरकताना एक जण त्यांच्या खिडकीवर गोळ्या सोडत राहतो, बाकीचे दोन बाजूंनी जातात.

घरात शिरण्याआधी फ्रॅग. पिन काढल्यापासून पाच सेकंदांत फुटतो. तसाच फेकला तर समोरचा आरामात बाजूला होतो, म्हणून दोन-तीन सेकंद हातात धरून मग फेका. जिन्यात फेकताना मात्र आधी मोकळ्या जागी सराव करा. कठड्याला लागून परत आलेला फ्रॅग स्वतःच्याच टीमला पुरतो.

आपला माणूस पडला तर क्रम असा:

१. पडलेल्याने आडोशाकडे सरपटायचं आणि कॉल द्यायचा. उचलायला येण्याआधी तो भिंतीच्या किंवा दगडाच्या मागे असायला हवा.

२. बाकी दोघांनी वेगवेगळ्या कोनांतून त्या शत्रूवर गोळ्या सोडायच्या. लागल्या नाहीत तरी चालेल, त्याने डोकं खाली घ्यायला हवं.

३. पहिला स्मोक पडलेल्याच्या अंगावर टाकायचा नाही. तो त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये, शत्रूकडे थोडा झुकता टाका. अंगावर टाकलात तर तुम्ही नेमके कुठे आहात ते शत्रूला कळतं आणि तो धुरात आंधळा स्प्रे करतो. दुसरा स्मोक बाजूला, जिथून दुसरा शत्रू पाहू शकतो तिथे.

४. धूर पूर्ण फुलायला काही सेकंद लागतात, तेवढं थांबा. स्मोक पडला की लगेच धावणारे अर्ध्या वाटेत मरतात.

५. उचलणारा एकच. उठलेल्याची हेल्थ अगदी थोडी असते, म्हणून तो उठल्याबरोबर गोळ्या न मारता मागे जाऊन फर्स्ट एड घेणार.

एकच माणूस वारंवार नॉक झाला की प्रत्येक वेळी त्याचा वेळ लवकर संपतो, तेव्हा तिसऱ्या वेळी ‘थांब, आधी लूट करतो’ चालत नाही. आणि कधीकधी उचलायला जायचंच नसतं. तो उघड्यावर पडलाय, स्मोक नाहीत आणि दोन टीम पाहतायत, तर तिघांनी जिवंत राहावं. रिकॉल टॉवर असलेल्या नकाशात वेळ शिल्लक असेल तर त्याच्या पेटीतून आयडी कार्ड घेऊन त्याला नंतर परत आणता येतं.

शेवटचे झोन

सुरुवातीचा निळा झोन, म्हणजे सुरक्षित गोलाबाहेरचा भाग, फारसा मारत नाही, नंतरचा मात्र फर्स्ट एड घेण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने मारतो. तिसऱ्या-चौथ्या गोलापासून झोनच्या आत आधी पोचा. झोनच्या कडेने सरकत आत जाणंही चालतं, कारण मग पाठ सुरक्षित असते आणि पाहायची बाजू फक्त पुढची. मध्यभागी घर धरलं तर चारही बाजू पाहाव्या लागतात, पण झोन तुमच्याकडेच येत असतो. स्मोक आणि गोळ्या कमी असतील तर कड, भरपूर असतील तर घर.

शेवटच्या दोन गोलांत वरचा जिवंत खेळाडूंचा आकडा सतत वाचा. तो ९ असेल, तुम्ही चौघं असाल आणि दोन ठिकाणांहून गोळ्या येत असतील, तर पाच जण दोन टीममध्ये वाटलेले आहेत आणि त्यांतला कुणीतरी एक-दोघांवर आलेला आहे. आधी तोंड त्याच्याकडे वळवा. एका ओळीत झोपू नका, काटकोनात बसा: दोघं एका बाजूने, दोघं दुसऱ्या. समोरचा दगडामागे लपला तरी एका जोडीला तो उघडा दिसतो.

प्रत्येकाने निदान एक स्मोक शेवटच्या सरकण्यासाठी ठेवावा. गवतात झोपून राहणं लांबच्या शत्रूपासून लपवत नाही. लांबून पाहणाऱ्याच्या फोनवर गवत दिसतच नाही, तुम्ही मात्र मोकळ्या जमिनीवर आडवे दिसता.

सामन्यानंतर

सेन्सिटिव्हिटीचे कोड युट्यूबवरून उचलू नका. ते त्या माणसाच्या फोनसाठी आणि बोटांसाठी असतात. ट्रेनिंग ग्राउंडमध्ये एम४१६ ला थ्री-एक्स लावून ५० मीटरवर पूर्ण मॅगझिन सोडा. अंगठा नेहमीसारखा खाली ओढूनही गोळ्या वर जात असतील तर एडीएस सेन्सिटिव्हिटी (स्कोपमधून गोळ्या सोडताना नेम किती हलतो ते) पाच टक्क्यांनी वाढवा. खाली घसरत असतील तर तेवढीच कमी करा. जायरो (फोन हलवून नेम धरण्याची सोय) वापरत असाल तर हेच एडीएस जायरोवर करा. एकदा बसली की निदान आठवडाभर हात लावू नका.

हरल्यावर डेथ रिप्ले चौघांनी मिळून पाहा आणि फक्त दोन गोष्टी शोधा: पहिला नॉक झाला तेव्हा बाकी तिघं किती मीटरवर होते, आणि त्याने कॉल दिला होता का. पुढच्या लॉबीत रेडी दाबण्याआधी त्यातली एकच गोष्ट बदलायची ठरवा.